गाड्या कोणाच्या, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचं सूत आणि टॉवेलचं घराणं. आजोबांनी १९५० ते १९८० च्या दरम्यान नऊ गाड्या जमवल्या: दोन डॉज, एक ब्युइक, एक शेव्हरोले, एक मॉरिस मायनर, तीन फियाट आणि एक गोल पाठीची मर्सिडीज. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. गाड्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत आणि आता त्या जागेचाच सौदा चालू आहे. मोठे काका म्हणतात विकून टाका, बाबा म्हणतात आजोबांच्या नावानं म्युझियम करू, आणि आत्या म्हणते मला बाकी काही नको, माझी पाठवणी झाली ती ब्युइक तेवढी द्या. नातू विचारतो, सुरुवात कुठून करू? आणि एखादी गाडी चालू करून बघू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हे वाचेपर्यंत कोणीतरी बॅटरी आणायला गेलेलंही असेल. नका. एकही गाडी चालू करू नका. का ते पुढे सांगतो.

आता पहिला प्रश्न. सुरुवात शेडमधून करायची नाही, ऑफिसच्या कपाटातून करायची. नऊच्या नऊ गाड्यांची आरसी बुकं बाहेर काढा आणि प्रत्येकावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते एका कागदावर लिहा. आजोबांचं, आजीचं, कंपनीचं, जुन्या भागीदारी पेढीचं, की ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचंच अजून? मी चौतीस वर्षं जुन्या गाड्यांचं काम करतोय, आधी मुंबईत उस्तादांच्या हाताखाली आणि नंतर पुण्यात स्वतःचं. गंजानं बुडालेले संग्रह मी पाहिलेत. पण त्याहून जास्त बुडाले ते या एका रकान्यामुळे.

तुम्ही कापडवाले, म्हणून कापडवाल्यांचीच गोष्ट सांगतो. आमच्या धंद्यात ती सगळ्यांना माहीत असते, धंद्याबाहेर फारशी कोणाला नाही.

फ्रान्सच्या पूर्व टोकाला अल्सास प्रांत, आणि तिथलं मुलूझ हे जुनं गिरणगाव. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे भाऊ तिथले गिरणीमालक. जन्म १९०४ आणि १९०६ चे, वडील स्विस, आई मुलूझची. लोकरीच्या सूतगिरण्या एकेक करत त्यांनी ताब्यात घेतल्या. धाकट्या फ्रिट्झला गाड्यांचं वेड, त्यातही बुगाटीचं. बुगाटीचा कारखाना त्याच अल्सासात, म्हणजे घरचंच दैवत म्हणा ना. साठच्या दशकात त्यानं गाड्या घ्यायला सुरुवात केली ती एक-एक नव्हे, ढिगानं. खुद्द बुगाटीच्या कारखान्याकडून त्यानं 'रॉयाल' जातीची 'कूपे नेपोलियन' मिळवली. इंजिन पावणेतेरा लिटरच्या आसपासचं, आणि जगात त्या जातीच्या सहाच गाड्या उरलेल्या. १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका संग्राहकाचा अख्खा संग्रह, ३० बुगाटी, त्यानं ८५,००० डॉलरला उचलला. त्यात दुसरी एक रॉयाल होती. त्या गाड्या रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर ओळीनं बांधून निघाल्या, त्याचा फोटो आहे. आज तो फोटो बघताना माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. त्या ३० गाड्यांच्या किमतीत आज त्यातल्या एखाद्या गाडीची दुरुस्तीही कदाचित होणार नाही.

मुलूझमधल्या एका जुन्या सूतगिरणीत हे सगळं ठेवलं. आत रस्ते आखले, बाग केली, पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावर आहेत तसल्या दिव्याच्या खांबांच्या शेकडो प्रतिकृती उभ्या केल्या. आईच्या नावानं अर्पण करायचं म्युझियम होतं ते. फक्त दार कोणाला उघडलं नाही. आतले मेकॅनिक गाड्या दुरुस्त करत, बाहेर अवाक्षर काढत नसत. चारशेहून अधिक गाड्या, त्यात शंभरावर बुगाटी, आणि गावाला पत्ता नाही.

मग कापडाला मंदी आली. १९७६ मध्ये गिरण्या बंद पडायला लागल्या, कामगार कपात झाली, संप झाला, आणि दोघे भाऊ सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये बासेलला गेले. मुलूझपासून ते जवळच. ७ मार्च १९७७ ला कामगार संघटनेची माणसं मुलूझच्या त्या गिरणीत घुसली आणि समोर दिव्यांच्या खांबांखाली ओळीनं उभ्या बुगाटी! ज्यांचे पगार अडकले होते त्या माणसांनी ते दृश्य पाहिलं. एक ऑस्टिन सेव्हन त्यांनी जाळली. पण बाकीच्या गाड्यांना त्यांनी हात लावला नाही, हे मला फार मोठं वाटतं. त्यांनी जागा ताब्यात घेतली, 'कामगारांचा कारखाना' असं नाव दिलं आणि दार लोकांना खुलं केलं. दोन वर्षांत सुमारे ८ लाख माणसं बघून गेली.

कोर्टात मुद्दा असा आला की भावांचा पैसा कुठला आणि कंपनीचा कुठला, हेच वेगळं काढता येईना. गिरण्यांची दिवाळखोरी त्यांच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोचली. १९७८ मध्ये फ्रान्सनं संग्रहाला राष्ट्रीय वारशाचं संरक्षण दिलं, त्यामुळे तो फुटून जगभर विखुरण्यातून वाचला. १९८१ मध्ये शहर, जिल्हा, प्रांत आणि इतरांच्या एका संस्थेनं गाड्या आणि इमारत मिळून ४.४ कोटी फ्रँकला घेतलं आणि १९८२ मध्ये ते राष्ट्रीय म्युझियम म्हणून उघडलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कुटुंबाला भरपाई आणि संग्रहाला श्लुम्फ नाव लावण्याचा हक्क कोर्टातून मिळाला. तोवर दोन्ही भाऊ गेले होते, हान्स १९८९ मध्ये आणि फ्रिट्झ १९९२ मध्ये.

तुमच्या नऊ गाड्या म्हणजे श्लुम्फ संग्रह नव्हे, मान्य. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "बहुतेक गाड्या कंपनीतून घेतल्या असाव्यात." तिथं मी थांबलो. त्या 'असाव्यात'चं 'आहेत' किंवा 'नाहीत' करणं हे तुमचं पहिलं काम.

गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ती आजोबांची नाहीच, मग वारसांनी वाटून घ्यायचा प्रश्न येतो कुठे? आत्याला ती ब्युइक हवी असेल तर कंपनीकडून रीतसर, योग्य किमतीला विकत घ्यावी लागेल. ठराव, मूल्यांकन, पावती सगळं. कंपनीच्या हिशेबवहीत तिची किंमत झिजून झिजून शंभर रुपये दिसत असेल, म्हणून शंभर रुपयांना नावावर करून घेतो असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मोठे काका शांत बसले तरी आयकर खातं बसणार नाही. कंपनीवर बँकेचं कर्ज असेल तर गहाणखतात 'कारखान्यातील सर्व जंगम मालमत्ता' असे शब्द आहेत का तेही बघा. तसे असले तर त्या ताडपत्रीखाली जे आहे त्यावर बँकेचाही हात आहे. आणि जागेच्या सौद्यात 'जसं आहे तसं, आतल्या सामानासकट' असं काही लिहिलं जात नाही ना, हे वकिलाला आजच विचारा. मी एका घराची लँचेस्टर, जुनी इंग्रजी मोटार, अशी जाताना पाहिली आहे. शेड घेणाऱ्यानं ती भंगारात घातली आणि कायद्यानं तो चूक नव्हता.

गाडी आजोबांच्या नावावर असेल तर ती वारसांची. मृत्यूनंतर नाव बदलायचा आरटीओचा अर्ज नमुना ३१ चा. त्याला तीन महिन्यांची मुदत असते आणि तुमची बारा वर्षं उलटली आहेत, म्हणजे थोडे हेलपाटे आणि दंड, पण काम होतं. तिसरा प्रकार अविभक्त हिंदू कुटुंबाच्या मालकीचा. तिथं सगळ्या सहवाटेकरूंच्या सह्या लागतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आत्याही त्यात मोडतात, तेव्हा त्यांना 'मागणारी' समजू नका.

विक्री झाली तर कराचं काय, हे विचारलं नाहीत, पण विचाराल. आपल्याकडे बरेच जण बिनधास्त सांगतात की जुनी मोटार ही वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्या नफ्यावर कर नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर अशी एक केस गेली होती. १९३१ ची फोर्ड टूरर, १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतलेली आणि पुढे २१ लाखांना विकलेली. मालकाचं म्हणणं तेच, वैयक्तिक वस्तू. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. गाडी वापरता येण्यासारखी होती एवढ्यानं भागत नाही, ती खरोखर वापरली याचा पुरावा हवा. नुसती जपून ठेवलेली, अभिमानानं दाखवलेली गाडी त्या सवलतीत बसली नाही.

म्हणून एक मजेशीर गोष्ट सांगतो. पुण्यातल्या एका घरात डॉजच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मला एक लाल वही सापडली होती. ड्रायव्हरनं लिहिलेली. तारीख, मैल, पेट्रोल किती गॅलन, आणि शेवटच्या रकान्यात कारण: 'आळंदी', 'बाईसाहेब माहेरी', 'ताईंची शाळा', 'नुसतीच चक्कर'. कुटुंबाला ती वही गंमत म्हणून आवडली. त्यांच्या सीएनं ती दोन्ही हातांनी उचलून बॅगेत ठेवली. तुमच्याकडे अशी वही असेल, पेट्रोलच्या पावत्या असतील, गॅरेजची बिलं असतील, लग्नाच्या फोटोत मागे नंबरप्लेट दिसत असेल, तर ते सगळं आधी गोळा करा. शेड झाडायला माणसं लावली की सगळ्यात आधी कागदच जातात.

आता शेड. पहिल्या दिवशी फक्त फोटो काढायचे. ताडपत्री दोघांनी उचलून काढा, ओढू नका. खाली वाळवीनं पोखरलेली चौकट असेल तर ओढण्यानं दाराची कड निघून हातात येते. धुळीवर फडकं फिरवू नका. सोलापूरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती कोरड्या फडक्यानं पुसली की ड्युकोवर, म्हणजे गाडीच्या जुन्या रंगावर, ओरखडे उठतात, आणि तो ड्युको मूळ कारखान्याचा असेल तर पुन्हा कोणी आणून देऊ शकत नाही. रंग उडालेला, तडकलेला असला तरी मूळ रंग हा मूळ रंग. आजकाल जाणकार गिऱ्हाईक चकचकीत नव्या रंगाच्या गाडीपेक्षा अशा न छेडलेल्या गाडीपुढे जास्त वेळ उभं राहतं. तुमच्याकडे कोणी हौशी पेंटर "साहेब, सगळ्या नऊ एका महिन्यात आरशासारख्या करतो" म्हणत आला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रत्येक गाडीचे ठरावीक फोटो घ्या: चारही बाजू, बोनेट उघडून इंजिन, इंजिन नंबर, चासी नंबर, बॉडीवरची छोटी पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, मैलांचं मीटर, चारही टायर, डिकीतलं सामान. जॅक, हँडल, पान्यांची मूळ पिशवी असली तर ती त्याच गाडीत ठेवा. नऊ गाड्यांची हत्यारं एका पेटीत गोळा करायचं पुण्यकर्म घराघरात कोणीतरी करतो आणि मग कुठला जॅक कुठल्या गाडीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

चालू का करायची नाही, ते आता. बारा वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) यांच्यात गंजाची बारीक कड धरलेली असते. सेल्फ मारला की त्या कडेवर रिंग घासते किंवा तुटते. ब्युइकचं आठ सिलिंडरचं लांबलचक इंजिन असेल तर आणखी एक धोका: वर एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून बसलेला असतो, खालून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, त्याला ढकलतो, आणि पुशरॉड वाकतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली उत्साहात मी स्वतः एका ब्युइकला सेल्फ मारला. मालक शेजारी उभे होते, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन. दोन कडकड आवाज आले आणि तीन पुशरॉड गेले. पेढे त्यांनी तरी दिले, पण मला ते गिळवेनात.

रीत अशी आहे. सगळे प्लग काढायचे. प्रत्येक बोअरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं दोन-तीन चमचे सोडायचं. भोकांवर कापडाचे बोळे लावून आठवडाभर थांबायचं, रोज थोडं थोडं घालत. मग टॅपेटचं झाकण काढून व्हॉल्व्ह दिसतील असं करायचं आणि पुढून हँडल लावून इंजिन हातानं फिरवायचं. जोर लावायचा नाही, मनगटाला अडथळा कळतो. इंजिन एक पूर्ण फेरा फिरलं आणि सगळे व्हॉल्व्ह वर-खाली झाले, की निम्मी लढाई जिंकली. मग जुनं ऑइल काढून संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उघडायचा, तळाचा काळा गाळ खरवडायचा, नवं ऑइल भरायचं. तुमच्या डॉजमध्ये सहा सिलिंडरचं बाजूला व्हॉल्व्ह असलेलं साधं इंजिन असणार, ते बिचारं बैलासारखं असतं, बहुतेक वेळा ऐकतं.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्या. वार्निशसारखा आंबूस वास आला की टाकी उतरवावी लागणार. त्या टाकीतून एक थेंबही कार्बोरेटरकडे जाऊ देऊ नका, वेगळी बाटली टांगून इंजिन चालवायचं. नवं पेट्रोलही आता २० टक्के इथेनॉलचं. ते हवेतला ओलावा ओढतं, उभ्या गाडीत तळाला पाणी धरतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करून टाकतं. म्हणजे नळ्या आणि पंपाचा पडदा आधी बदला, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. ब्रेकचे चारही सिलिंडर जाम असतील असंच धरून चाला. इंजिन चालू झालं म्हणून आनंदात गाडी शेडबाहेर काढणारे आणि समोरच्या भिंतीवर थांबणारे मला दोन माहीत आहेत. आणि बॅटरी जोडण्याआधी बघा: काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात, आणि मॉरिससारख्या इंग्रजी गाडीत बॉडीला बॅटरीचं धन टोक जोडलेलं असू शकतं. उलटी जोडली की धूर. वायरिंगवर कापडाचं वेष्टण असतं, ते उंदरांना फार आवडतं, तेव्हा तसाही तो सगळा संच बदलावा लागेल.

तुम्ही विचारलंय की यातलं मौल्यवान काय. आकडे मी देणार नाही; न बघता आकडा सांगणारा माणूस एक तर दलाल असतो नाहीतर भाबडा. पण गाड्यांचं कुळ सांगतो. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, म्हणून आपल्या भागातल्या जुन्या घरांत शेव्हरोले इतक्या दिसतात. तो कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. डॉजची कथा तर तुमच्याच गावची आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि पुढे फियाट जुळवल्या, बनवल्या. तुमच्या नवातल्या पाच गाड्या प्रीमियरच्या असण्याची शक्यता मोठी आहे. सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या कारखान्यातली गाडी, सोलापूरच्या गिरणीवाल्यानं नवी घेतलेली, एकाच घरात राहिलेली, मूळ नंबरसकट: बाजारात नुसत्या डॉजपेक्षा या डॉजला वेगळं मोल आहे, आणि ते फक्त कागदांनी सिद्ध होतं. जुन्या मुंबई राज्याची बी अक्षरापासून सुरू होणारी पाटी असेल तर ती काढून टाकायची सूचना कोणी केली तरी मानू नका.

फियाटना कमी लेखू नका. पंधरा वर्षांपूर्वी फियाट म्हणजे काळी-पिवळी, असं म्हणून लोक नाक मुरडत. आज टॅक्सी न झालेली, एकहाती, जुन्या नमुन्याची फियाट शोधायला माणसं गावोगाव फिरतात. मर्सिडीज दिसायला भारी वाटेल, पण दुरुस्तीचं बिल बघून आधी तीच विकाविशी वाटेल. मॉरिस मायनर मात्र कोणीही शिकून चालवावी अशी गाडी आहे. तुम्ही स्वतः गॅरेजमध्ये हात काळे करणार असाल तर तिच्यापासून करा.

नोंदणीचं सोपं झालं आहे. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. नव्यानं नोंदवायची तर व्हीए मालिकेतला नंबर, २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर. लग्नाला भाड्यानं देऊन खर्च काढू असा काकांचा विचार असेल तर तो त्या नोंदणीत बसणार नाही.

राहिलं म्युझियम. बाबांची इच्छा मला समजते, पण म्युझियमचा खर्च इमारतीवर कमी आणि माणसांवर जास्त होतो. आमचा अंदाज असा की चालत्या ठेवायच्या आठ-दहा गाड्यांना एक मेकॅनिक आणि एक हाताखालचा पोरगा पूर्णवेळ लागतो, कायमचा. अमेरिकेत रिनो शहरात कॅसिनोवाले विल्यम हॅरा होते. १९७८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे १,४०० गाड्या होत्या. संग्रह कंपनीत होता, कंपनी एका हॉटेलवाल्या कंपनीनं घेतली, आणि गाड्या लिलावात गेल्या. गाव ओरडलं म्हणून १७५ गाड्या दान मिळाल्या आणि त्यावर १९८९ मध्ये आजचं म्युझियम उभं राहिलं. आपल्याकडे अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी दास्तान इस्टेटमध्ये शंभरावर गाड्या मांडल्या. मोठमोठ्या शेड, संस्थानिकांकडून आलेल्या रोल्स आणि बेंटली. २०११ मध्ये ते गेले. मी दोनदा गेलो आहे, आणि दोन्ही वेळा गाड्यांपेक्षा त्या फिरून पुसणाऱ्या माणसांकडेच बघत बसलो. कोइमतूरला जी. डी. नायडू यांच्या घराण्यानं २०१५ मध्ये गाड्यांचं म्युझियम उघडलं, ते त्यांच्या धर्मादाय संस्थेमार्फत चालतं. उद्या कुटुंबात भांडण झालं तरी कोणी एका काकाला त्यातली एक गाडी उचलून नेता येत नाही. म्युझियमच करायचं असेल तर तो रस्ता विचारा. फक्त हे लक्षात घ्या की गाडी एकदा संस्थेला दिली की ती दिली. पोराच्या लग्नात वरातीला मागाल, तर विश्वस्तांना विचारावं लागेल.

माझं मत विचाराल तर नऊच्या नऊ ठेवू नका. चालवणारे हात मोजा, तेवढ्या गाड्या ठेवा. तुमच्या पत्रावरून मला तीन हात दिसतात: तुम्ही, बाबा आणि आत्या. तीन गाड्या ठेवा. ब्युइक आत्यांकडे, कागद नीट करून. एक डॉज बाबांकडे, तीही सोलापुरातच राहू दे. तिसरी तुमची मॉरिस. बाकी सहा अशा माणसांना द्या जे त्या चालवतील; लिलाव हा एक मार्ग आहे, पण पुण्या-मुंबईत जुन्या गाड्यांच्या मंडळींत शब्द टाकलात तर घर बघून देता येतात. देशाबाहेरचं कोणी मोठा आकडा सांगत आलं तर आधी हे बघा की १९५० च्या आधीची गाडी परवान्याशिवाय बाहेर पाठवता येत नाही. काकांना पैसे मिळतील, बाबांना मेकॅनिकचा पगार परवडेल. आणि वर्षातून एक दिवस ठरवा, तिन्ही गाड्या रस्त्यावर काढायच्या. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, आणि ती गाडी आजही निघते याचं अर्धं कारण ती माणसं आहेत. दरवर्षी लोक बघणार म्हटल्यावर ब्रेक तपासावेच लागतात.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की आजोबांचे ड्रायव्हर अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे, अक्कलकोट रस्त्याला मुलाकडे राहतात. या रविवारी त्यांच्याकडे जा. शेडमध्ये त्यांना आणू नका, आधी फोटो घेऊन जा. कुठली गाडी कधी आली, कोणाकडून आली, कशाचं इंजिन बदललं, कुठल्या गाडीचा गिअर दुसऱ्यात अडकतो, हे सगळं त्यांना आठवत असणार. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक गाडीचं वेगळं. शक्य झालं तर शेवटी त्यांना विचारा की डॉजचं हँडल कुठे ठेवलंय. माझ्या अनुभवात ते ड्रायव्हरच्याच घरी माळ्यावर असतं.

दोन्ही डॉजच्या चासी नंबरचे आणि बॉडीवरच्या पट्टीचे फोटो मला पाठवा. पट्टीवर रंग बसलेला असेल तर खरवडू नका, रॉकेलात भिजवलेला कापूस पाच मिनिटं वर ठेवा आणि मग तिरक्या उजेडात फोटो घ्या. आकडे दिसतात.